मध्यंतरापुरते विचारस्वातंत्र्य

हार्वर्ड आणि येल १८७५ पासून फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांना पाण्यात पाहतात. २०१९ च्या सामन्यात मात्र दोन्हीकडचे विद्यार्थी मध्यंतरात येलच्या मैदानात मांडीला मांडी लावून बसले. मुख्य मागणी ही, की विद्यापीठांनी खनिज इंधनातली गुंतवणूक काढून घ्यावी. खेळ खोळंबला, धरपकड झाली. तिकीट काढलेल्या प्रेक्षकांचा काय गुन्हा, हा आक्षेप रास्तच; दुसऱ्याचा कार्यक्रम अडवणे म्हणजे अभिव्यक्ती नव्हे, हे तर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या येलच्याच १९७४ च्या वुडवर्ड अहवालाचे म्हणणे. पण हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्येच रीतसर मतदान करून हीच मागणी मंजूर केली होती. चर्चेला कोणी आडकाठी केली नाही आणि त्या सामन्यापर्यंत पैसाही जागचा हलला नाही. जुन्या विद्यापीठांत काहीही बोलायची मुभा असते. अट एवढीच, की त्यामुळे सामना थांबू नये आणि तिजोरीही हलू नये.