पेनड्राइव्हवरचं वऱ्हाड

आमच्या कचेरीतल्या एका संगणकाला सुरक्षेपायी इंटरनेट वर्ज्य. त्यात डेबियन. एक चिमुकलं पॅकेज टाकायचं म्हणून डेब फाइल पेनड्राइव्हवर नेली. तर म्हणे, हिची लायब्ररी कुठाय? ती आणली, तर तिची मावशी हवी! तीन जिने, सात खेपा. शेवटी अख्खं वऱ्हाडच एका फोल्डरात उतरवलं, 'डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस'कडून मानपानाची यादी करून घेतली, 'सोर्सेस.लिस्ट'मध्ये पत्ता लिहिला. आता ॲप्ट अडून बसलं : भांडारावर सही नाही, भरवसा कसा ठेवू? 'ट्रस्टेड=येस' एवढं मीच लिहून दिलं, तर मुकाट्याने सगळं गिळलं. पेनड्राइव्ह मात्र सकाळीच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आला होता. त्याला सही कुणी विचारली नाही.