कुरडया गेल्या त्या गेल्याच, पण ऐकलंत का…

अहो वहिनी, जरा इकडं सरका ना भिंतीशी. हळूच बोलते, इंजिनिअर साहेबांच्या मिसेस गच्चीवर कपडे काढायल्यात. परवाच्या मिटिंगला तुम्ही नव्हतात ना? अगं बया, मग तुम्हाला काहीच माहिती नाही!

कुरडयांचं माहितीये, ते अख्ख्या वसमत रोडला माहितीये. बँकवाल्या वहिनींनी तीन दिवस गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं, पहाटे उठून चीक शिजवला. सोऱ्या दाबून दाबून हात भरून आले बिचारीचे. आणि अकराच्या उन्हात, परभणीच्या उन्हात बरं का, जिथं आपण चप्पल घालून गच्चीवर जातो, तिथं आली की वानरांची टोळी. या काठी घेऊन धावल्या, तर तो हुप्प्या जागचा हलेना. नुसते दात दाखवले. पण खरी गोष्ट पुढंच आहे. पोटाशी पिल्लू धरलेल्या एका वानरीनं ओली कुरडई तोंडात घातली आणि… थुंकून टाकली! हे मिसेसनी आपल्या गच्चीवरून पाहिलं आणि भर मिटिंगमध्ये सांगितलं. वर म्हणतात कशा, “मीठ जरा जास्त झालं असेल हो.” बँकवाल्या वहिनींचा चेहरा बघायला पाहिजे होता! कुरडया गेल्या तेव्हासुद्धा एवढा पडला नव्हता.

तर काय सांगत होते… हां, मिटिंग. सगळ्यांची गाऱ्हाणी सुरू झाली. कुणाच्या सोलरच्या काचेच्या नळ्या फुटल्या, कुणाची डिश वाकडी झाली, कुणाच्या टाकीचं झाकण उघडून पिल्लांनी आत आंघोळ केली. ते पाणी घरात दोन दिवस प्यायले म्हणे. कोण ते विचारू नका, समोरच राहतात.

मग उपाय. कोपऱ्यावरच्या काकांचा मुलगा पुण्याहून आलाय, आयटीवाला. तो म्हणाला, “दिल्लीत २०२३ ला जी-२० झालं तेव्हा माकडांना घाबरवायला लंगूरचे कटआउट लावले होते, आपणही लावू.” आणि म्हणे २०१४ ला तिकडं सरकारनं राज्यसभेत सांगितलं होतं की लंगूरचा आवाज काढायला चाळीस माणसं ठेवलीयेत! नोकरी बघा हो, हूप हूप करायचं आणि पगार घ्यायचा. सगळे माना डोलवायला लागले. तेवढ्यात विद्यापीठातून रिटायर झालेले सर शांतपणे म्हणाले, “बाळा, तिकडं लाल तोंडाची माकडं आहेत, ती लंगूरला घाबरतात. आपल्याकडं जे येतंय ना, तेच लंगूर आहे. त्याला त्याचाच फोटो दाखवणार का?” पोराचं तोंड असं झालं ना! आई त्याची लगेच चहा आणायला आत पळाली.

एका काकूंनी मग वाघाचं खेळणं आणायचं काढलं. तर सर म्हणाले, कर्नाटकात तीर्थहळ्ळीकडं एका शेतकऱ्यानं आधी तोच उपाय केला होता. ऊन लागून खेळण्यातल्या वाघाचा रंग उडायला लागला, म्हणून त्यानं आपल्या कुत्र्यालाच वाघासारखे पट्टे रंगवले. २०१९ च्या डिसेंबरात पेपरात फोटो आला होता. हे ऐकून आमच्या ह्यांनी आमच्या मोत्याकडं असं काही पाहिलं की मी आधीच सांगितलं, घरात रंगाचा डबा आणायचा नाही म्हणून.

आणि कुत्र्यावरून निघालं ना लऊळ! आपल्या पाथरीहून गोदावरी ओलांडली की माजलगाव, त्याच तालुक्यातलं गाव. २०२१ च्या डिसेंबरात काय गाजलं होतं, आठवतंय ना? वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, पत्र्यावर नेतात म्हणून. माझी पाथरीची जाऊ तेव्हा रोज फोन करायची, आणि दर फोनला पिल्लांचा आकडा वाढायचा! पेपरात तर अडीचशे आला. ‘बदला’ म्हणे, कुत्र्यांनी आधी वानराचं पिल्लू मारलं होतं म्हणून. शेवटी नागपूरच्या वनखात्याच्या टीमनं येऊन दोन वानरं पकडली आणि तिकडं जंगलात सोडायला नेली. अडीचशे पिल्लं आणि आरोपी दोन! सर म्हणाले, बदलाबिदला काही नाही. वानर पिल्लू उचलतं, कुरवाळतं, उवा बघतं, आणि वर पत्र्यावर त्या पिल्लाला ना दूध ना पाणी. कधी खाली पडतं, कधी उपाशी मरतं. मला तर हे ऐकून जास्तच वाईट वाटलं, बदला तरी बरा होता. जाऊबाईंना सांगितलं तर त्या रुसल्या. म्हणाल्या, “तुमच्या सरांना आमच्या गावाकडचं काय माहिती?”

हां, तर… पकडून न्या, हे अध्यक्षांनी काढलंच. आपण पकडायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा आहे १९७२ चा, हातात काठी घेतली तरी विचार करून घ्या, असं सर म्हणाले. वनखात्याला १९२६ नंबरवर कळवायचं. पण एक टोळी नेली की रिकाम्या जागेवर दुसरी येणार. मार्चमध्ये ज्वारी निघते, हरभरा निघतो, शिवारात सावली राहत नाही की पाणी. इकडं नळ गळतायत, पपया लागल्यात, शेवगा आहे… आणि वर आपण त्यांना खायला वाढतोय! वानराचं पोट म्हणे गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, पाला पचवायला केलेलं. त्याला केळी, भाकरी, बिस्किटाची सवय लावली कुणी? सर हे बोलले आणि बघता बघता सगळ्या बायका पदर सारखा करायला लागल्या. मीसुद्धा.

त्यात कुणीतरी उपळ्याचं काढलं, धाराशिवकडचं. तिथं बत्तीस एकर जमीन वानरांच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर! २०२२ ला बातमी आली होती. पूर्वी लग्नात आधी वानरांचा मान, मग सुरुवात. हे ऐकून इंजिनिअर साहेब जे गप्प झाले ना… अहो, त्यांचा भावाशी दोन एकराचा वाद चाललाय, गंगाखेड कोर्टात. नाही, नाही, मला काही माहिती नाही त्यातलं.

तर ठराव झाला. टाक्यांची झाकणं तारेनं बांधायची, वाळवणावर जाळी टाकायची, ओला कचरा झाकायचा, आणि कॉलनीत कुणीही, कुणीही म्हणजे कुणीही, वानराला खायला घालायचं नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या.

आणि आज शनिवार! मी आपली मारुतीला तेल घालायला गेले, तर पारावर कोण? अध्यक्षांच्या सासूबाई! डझनभर केळी, वर भिजवलेले हरभरे. समोर तोच हुप्प्या, अगदी पाहुण्यासारखा बसलेला. तेवढ्यात अध्यक्ष वॉकहून आले, मागं सर. थबकलेच! म्हणाले, “आई, परवाच सही केलीत ना तुम्ही?”

त्यांनी केळ सोललं. जावयाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “सही वानरासाठी केली होती. हे मी मारुतीला देतेय.”

आता यावर अध्यक्ष काय बोलणार? सरही काही बोलेनात. ठरावात मारुतीचं नाव कुठं होतं!