खुन्याचे बालपण रद्द करणेबाबत

प्रति,
माननीय निर्माते,
भयपट व रिमेक विभाग, हॉलिवूड.

विषय : मायकल मायर्स यास मंजूर झालेले बालपण रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपला दि. ३१ ऑगस्ट २००७ रोजी प्रदर्शित झालेला 'हॅलोविन'.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर की, अर्जदार हे स्लॅशरपटांचे जुने गिऱ्हाईक असून पडद्यावरील खुनांबाबत त्याची काडीचीही तक्रार नाही. खून व्हावेत, अंधारात व्हावेत आणि मुलीने तळघरात एकटीनेच जावे, एवढी माफक अपेक्षा ठेवून तो तिकीट काढतो. तक्रार आहे ती खुलाशाची. जॉन कारपेंटर यांनी १९७८ च्या मूळ 'हॅलोविन'मध्ये जो इसम कसलीही चौकशी न करता कामावर रुजू करून घेतला, त्याची अख्खी सेवापुस्तिका रॉब झॉम्बी यांनी २००७ च्या या रिमेकमध्ये जाहीर वाचून दाखवली.

मूळ प्रकरण आपल्या दप्तरी असेलच, पण रिमेक काढणाऱ्यांनी मूळ चित्रपट पुन्हा पाहण्याची प्रथा बंद पडलेली दिसते, म्हणून थोडक्यात मांडतो. तो चित्रपट तीन-सव्वातीन लाख डॉलरांत उरकला होता. कथा इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या वसंत ऋतूत. त्यामुळे पानगळीची पाने रंगवून आणली, रस्त्यावर पसरली आणि शॉट झाला की पुढच्या शॉटसाठी पुन्हा गोळा केली. मुखवटा दोन डॉलरांच्या आतला. 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर यांचा तयार चेहरा दुकानातून उचलला, डोळ्यांची भोके मोठी केली, कल्ले काढले, वर पांढरा रंग मारला. तो घालून फिरणाऱ्या निक कॅसल यांना दिवसाला २५ डॉलर मिळत. श्रेयनामावलीत त्यांच्या भूमिकेला माणसाचे नावसुद्धा नाही, नुसते 'द शेप'.

आणि खुन्याच्या बालपणाला त्या चित्रपटाने किती वेळ दिला? जेमतेम चार मिनिटे. १९६३ मधली हॅलोविनची रात्र. कॅमेरा कुणाच्या तरी डोळ्यांनी घराभोवती फिरतो, खिडकीतून डोकावतो, स्वयंपाकघरातल्या खणातून सुरी काढतो, जिना चढतो. बहिणीचा खून होतो. मग अंगणात आईवडील येतात, मुखवटा ओढतात, आणि खाली विदूषकाच्या कपड्यातला सहा वर्षांचा मुलगा सुरी धरून गप्प उभा असतो. का केले, ते कोणी सांगत नाही. त्याचे डॉक्टर लूमिस सांगतात ते इतकेच, की आठ वर्षे या पोरापर्यंत पोहोचण्यात गेली आणि पुढची सात त्याला बाहेर पडू न देण्यात. ज्याचा धंदाच कारणे शोधण्याचा, त्याने हात टेकलेले पाहून अर्जदाराची जी गाळण उडाली, ती कुठल्याही सुऱ्याने उडाली नव्हती.

आता आपल्या चित्रपटाकडे वळू. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते इथे निम्म्या चित्रपटाला पुरले आहे. मायकलची आई बारमध्ये कपडे उतरवून नाचते, घरात एक ऐतखाऊ शिवराळ पुरुष बसून आहे, बहीण हिणवते, शाळेतली दांडगी पोरे छळतात, आणि पोरगा मुकी जनावरे मारतो. यातले काहीही अर्जदाराच्या अंगावर येत नाही, कारण असे घर गुन्हेगारीच्या बातम्यांखालच्या चौकटीत तो नेहमी वाचतो. घर बघून पोराची कीव येते, आणि ज्याची कीव आली त्याला कपाटात लपून कोण घाबरणार? जुन्यातल्या लूमिसने हात टेकले होते. आपल्या लूमिसने, म्हणजे माल्कम मॅकडॉवेल यांनी, त्याच पेशंटवर पुस्तक काढले आणि व्याख्यानही झोडले. हा एक विनोद मात्र खरोखर जमला आहे.

बालपण संपल्यावर उरलेल्या वेळात कारपेंटरचा संपूर्ण चित्रपट धावतपळत उरकून घेतला आहे. नायिका लॉरी आणि तिच्या मैत्रिणी पडद्यावर येतात ते जणू हजेरी लावून मरण्यासाठीच. मूळ चित्रपटात त्यांच्या दुपारच्या गप्पा, कुंपणाच्या झुडपांमागे क्षणभर दिसून नाहीसा होणारा पांढरा चेहरा, यातच अर्धी भीती मुरवलेली होती. एका मैत्रिणीचा प्रियकर बॉब याला स्वयंपाकघरात सुरीने खिळवल्यावर ती आकृती मान आधी एका बाजूला कलवते, मग दुसऱ्या. चित्र नीट टांगले गेले की नाही हे बघावे तशी. त्या दोन हालचालींना संवाद नाही, रक्तही फारसे नाही. आपल्या टायलर मेन यांची उंची पावणेसात फुटांच्या आसपास, पूर्वाश्रमीचे कुस्तीगीर. ते दारे मोडतात, भिंती फोडतात. ताकद भरपूर दिसते. मान कलवण्याइतका निवांतपणा त्यांना कोणी दिलेला नाही.

अर्जदार एकतर्फी बोलत नाही. डॅनिएल हॅरिस, ज्यांनी १९८८ आणि १९८९ च्या भागांत मायकलच्या भाचीचे काम केले होते, त्यांना ॲनी म्हणून परत आणलेत, हे जुन्या प्रेक्षकांची आठवण ठेवणारे. शिवाय इस्पितळात मायकलशी माणुसकीने वागणारा एक कर्मचारी आहे, भूमिका डॅनी ट्रेहो यांची. मायकल त्यालाही मारतो. तिथे तुमचे सारे बालपण, सारे दारिद्र्य, सारी मानहानी एका झटक्यात निरुपयोगी ठरते, आणि अर्जदाराला तासाभरात पहिल्यांदा खरी भीती वाटते. म्हणजे सर्वांत चांगला प्रसंग तोच, जो आपल्याच सिद्धान्ताला जुमानत नाही.

कारण देण्याच्या रोगाची सुरुवात आपण केली नाही, हेही मान्य. लॉरी ही मायकलची बहीण असल्याचा शोध १९८१ च्या दुसऱ्या भागातला, आणि त्याच्या लेखनात खुद्द कारपेंटर होते. पण त्यांनीच पुढे झॉम्बी यांच्या चित्रपटाबद्दल सांगितले, की मायकलविषयी फार समजावून सांगितल्याने त्याचे गूढ गेले. तेव्हा या साथीत आपण एकटे नाही. २००६ मध्ये 'ब्लॅक ख्रिसमस'च्या रिमेकनेही हेच केले. बॉब क्लार्क यांच्या १९७४ च्या चित्रपटात फोनवर घाणेरडे बरळणारा बिली धड दिसतही नाही, दिसतो तो फटीतला एक डोळा. रिमेकमध्ये त्याला कावीळ झाली, क्रूर आई मिळाली, माळ्यावर कोंडूनही झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची असताना ती उघडून आतला रेशनकार्डाचा तपशील दाखवण्याची ही हौस कुठून येते?

आपण म्हणाल, अर्जदार रिमेकचाच वैरी दिसतो. मुळीच नाही. १९७८ च्या 'हॅलोविन'मध्ये लॉरी ज्यांना सांभाळते ती मुले टीव्हीवर १९५१ चा 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' बघत बसलेली असतात. चार वर्षांनी, १९८२ मध्ये, कारपेंटर यांनी त्याच कथेवरून 'द थिंग' काढला, आणि तो आजही या प्रकारातला अव्वल मानला जातो. त्यात परग्रहावरच्या जीवाला लहानपणी कोणी चिडवले का, याची चौकशी नाही. फक्त शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे का, एवढाच प्रश्न, आणि तो अखेरपर्यंत सुटत नाही.

पैशाचा मुद्दाही आपण काढालच. दीड कोटी डॉलरांच्या खर्चावर आपला चित्रपट जगभरात आठ कोटींच्या घरात गेला, हे खरे. पण २०१८ च्या 'हॅलोविन'मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी बहिणीचे नाते रद्द केले, मायकलला पुन्हा बिनकारणाचा केला, आणि पंचवीस कोटी डॉलरांच्या वर कमाई केली. अज्ञान विकता येते, महोदय, आणि चांगल्या भावाने.

तरी विनंती की, पुढील रिमेकमध्ये खुन्याच्या बालपणास कमाल चार मिनिटे मंजूर करावीत, त्यापुढील सर्व खुलासे फेटाळावेत, आणि वाचलेला वेळ लॉरी व तिच्या मैत्रिणींच्या गप्पांकडे वळता करावा. मुखवटा दोन डॉलरांचाच असला तरी हरकत नाही.

कळावे,
आपला नम्र,
अर्जदार
(एक भयपटप्रेमी)