कूलर : स्थापना, संगोपन आणि उत्थापन

कूलर हे विद्युत उपकरण यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळाभर घराच्या खिडकीत आढळते आणि एरवी गच्चीवर, ताडपत्रीखाली. तीन बाजूंना ताट्या, खाली पाण्याची टाकी, टाकीत मुठीएवढा पंप आणि पोटात पंखा, एवढाच त्याचा संसार. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांतून झिरपत पुन्हा टाकीत येते आणि पंखा बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते; ती हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. एका लिटरची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात एका युनिटच्या दोन तृतीयांशाइतकी उष्णता खर्ची पडते. हे काम पाणी फुकट करते. बिल येते ते पंख्याचे आणि पंपाचे. २०० वॉटचा कूलर पाच तासांत एक युनिट खातो. दीड टनाचा एसी जोरात चालला तर तेवढी वीज तासाभराच्या आतच संपवतो. घरात एसीचा विषय निघाला की कुटुंबप्रमुख हा हिशेब ऐकवतात. हिशेब बरोबर असल्याने त्यांच्याशी वाद घालू नये.

कल्पना जुनी आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोली थंड ठेवण्याची रीत मोगल काळात होती आणि ‘आईन-इ-अकबरी’त तिची नोंद आहे. तेव्हा पाणी शिंपडायला नोकर असत. आता ते काम पंप करतो आणि पंपासाठी पाणी भरायला घरातला सर्वांत लहान मुलगा असतो.

कूलरचा सगळा डोलारा कोरड्या हवेवर उभा आहे. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४३ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताट्यांमधून येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. विदर्भाच्या उन्हाला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की इतके कोरडे ऊन नसते तर इतका गार वाराही मिळाला नसता. मुंबईच्या दमट हवेत हेच यंत्र केवळ ओला पंखा ठरते. म्हणून तिकडून आलेल्या पाहुण्याला कूलरचे गुण तोंडी सांगत बसू नये. पाहुण्याला दुपारी दोन वाजता अंगणात उभे करावे आणि मग आत घ्यावे.

स्थापना एप्रिलच्या सुरुवातीला करावी. लोखंडी कूलर गच्चीवरून उतरवायला चार माणसे लागतात: दोन उचलायला आणि दोन ‘भिंत सांभाळा’ म्हणायला. टाकीचा पत्रा गंजून भोक पडले असल्यास एम-सील लावावे. जुन्या ताट्या फेकून नव्या बसवाव्यात. लाकडाच्या भुशाच्या ताट्या स्वस्त पडतात, वाळ्याच्या महाग पण सुगंधी. पहिल्यांदा सुरू करताना कूलर वर्षभराची धूळ समोरच्या व्यक्तीच्या तोंडावर सोडतो, तेव्हा समोर कोण असावे याचा आधीच विचार करावा.

जागा निवडताना कूलरची पाठ घराबाहेर, शक्यतो सावलीत राहील असे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावी. ओली हवा बाहेर पडली नाही तर तीच फिरत राहते आणि अर्ध्या तासात खोलीचा जून महिना होतो. तरीही दर घरात एक मनुष्य असा असतो, जो ‘गार हवा बाहेर चालली’ म्हणत उठतो आणि दार लावून येतो. त्याला समजावून उपयोग होत नाही. दारात खुर्ची ठेवून तिच्यावर त्यालाच बसवावे.

समोरची जागा ज्येष्ठतेनुसार वाटली जाते: आधी आजोबा, मग जावईबुवा आले असल्यास जावईबुवा, मग टीव्ही. कूलर सुरू असताना बोलणे ओरडूनच करावे लागते. शेजाऱ्यांनी त्याला भांडण समजू नये. दिवसभरातले मुख्य संभाषण ‘पाणी टाकलं काय?’ आणि ‘टाकलं ना भाऊ!’ एवढेच असते. यातले दुसरे वाक्य टाकीत डोकावल्याशिवाय खरे मानू नये, कारण कोरडा चाललेला पंप लवकर जळतो.

पाणी हीच खरी अडचण आहे. मोठा कूलर भर उन्हात तासाला दहा-वीस लिटर सहज पितो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हा यवतमाळ शहरात पिण्याच्या पाण्यासाठीच रांगा लागल्या होत्या. अशा वर्षी कूलर हा चैनीचा पदार्थ होतो. काही घरांत आरओचे वाया जाणारे पाणी कूलरमध्ये ओततात. काटकसर म्हणून ते उत्तम. पण वाफ पाण्याची होते, क्षारांची नव्हे. ते मागे राहून ताट्यांवर पांढरा थर धरतात, म्हणून टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करावी.

आठवड्यातून एकदा तर ती रिकामी करून, घासून, कोरडी करावीच. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला तयार होते.

विजेबाबतचे मार्गदर्शन मात्र शब्दशः घ्यावे. लोखंडी पत्रा, पाणी आणि जुनी वायर एकत्र आल्याने दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. तीन पिनांचाच प्लग वापरावा, अर्थिंग तपासून घ्यावे, मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. ओल्या हाताने आणि अनवाणी कूलरला शिवू नये. लहान मुलांना पाणी भरायला लावण्याची वर सांगितलेली प्रथा याच कारणासाठी बंद करावी.

मृग लागून हवा दमट झाली की कूलर घाम आणतो. दोन-चार दिवस घरातले सगळे त्याच्यावर चिडतात, मग पाऊस येतो. तेव्हा टाकी उपसून, उन्हात वाळवून, आतून रंगाचा हात मारून कूलर गच्चीवर न्यावा. पंप काढून पुसून डब्यात ठेवावा आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कूलरचा पंप’ असे लिहावे. नाहीतर पुढच्या एप्रिलात नवा विकत घ्यावा लागतो.