हीट नंबर नसलेली माणसं

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या स्मृति नगरात आता बेकार असा कोणी उरलेला नाही. जुनवानी रस्त्यालगतच्या या वसाहतीतल्या कुठल्याही तरुणाचं प्रोफाइल उघडून बघा, तो फाउंडर असतो. अगदीच नाइलाज असला तर को-फाउंडर. ज्याने अजून काहीच केलेलं नाही तो मेंटॉर असतो आणि ज्याची नोकरी गेली आहे तो ‘नव्या संधींसाठी सज्ज’ असतो. हा काही एकट्या स्मृति नगराचा गुण नव्हे, कोथरूडपासून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत हीच सुगी आहे. आधीची पिढी या बाबतीत फारच मागास. पन्नास-साठच्या दशकांत विदर्भातून इकडे आलेल्या मराठी माणसाने उभी हयात ‘बीएसपीत आहे’, म्हणजे भिलाई स्टील प्लांटमध्ये, या दोन शब्दांवर काढली. तेवढ्यावर त्याला किराणा उधार मिळाला, बँकेने कर्ज दिलं, लोकांनी मुली दिल्या. पर्सनल ब्रँडिंग नावाची चीजच त्याला ठाऊक नव्हती, बिचाऱ्याला नुसती कामावर जायची सवय होती.

त्या अडाणी काळाचा पुरावा मात्र देशभर पसरलेला आहे, आणि आपण रोज त्यावरून जातो. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं भारतीय रेल्वेचे बहुतेक सगळे रूळ इथूनच गेले. या रुळाच्या उभ्या पट्टीवर थोड्या थोड्या अंतराने उठावाची अक्षरं असतात: बनवणारा कोण, महिना आणि वर्ष कोणतं, रुळाचं वजन काय, पोलादाची प्रत काय. त्याखेरीज एक आकडा ठोकलेला असतो, त्याला कारखान्यात हीट नंबर म्हणतात. भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचा तो क्रमांक. उद्या कुठे रुळाला तडा गेला, तर त्या आकड्यावरून मागे मागे जात नेमकं कुठलं पोलाद, त्यात कार्बन किती, मँगनीज किती, इथवर पोहोचता येतं. कारखान्याने आपलं नाव तिथे लावलं ते प्रवाशांनी वाकून लाइक द्यावं म्हणून खचितच नव्हे. उद्या काही बिघडलं तर कोणाचा कान धरायचा, हे कळावं म्हणून ते आहे. आणि कान धरलाही गेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रुळांतल्या हायड्रोजनच्या प्रमाणावरून रेल्वेने भिलाईला चांगलंच धारेवर धरलं. पोलादात हायड्रोजन राहिला की आतल्या आत बारीक तडे पडतात. आजच्या एखाद्या रेप्युटेशन सल्लागाराने अशा वेळी हसऱ्या कामगारांची रील सुचवली असती. भिलाईवाल्यांनी पोलादातून वायू काढणारी यंत्रणा बसवली.

माझं म्हणणं एवढंच आहे की समाजमाध्यमांवर करिअर करा, धंदा करा, नाव कमवा, जरूर करा. पण त्या नावाबरोबर हीट नंबर आहे का ते बघा. ज्या दाव्यावरून मागे जाऊन तपासता येतं तो दावा माध्यमावर टाकण्याच्या लायकीचा. ज्यावरून फक्त पुढे फॉरवर्ड करता येतं, तो नव्हे.

याउलट वागलं तर काय होतं, हे शिकायलाही भिलाईबाहेर जायची गरज नाही. महादेव बेटिंग ॲपचं प्रकरण याच शहरातलं. त्याचा एक कथित प्रवर्तक पूर्वी भिलाईत ज्यूसचं दुकान चालवायचा. अंमलबजावणी संचालनालयाचे, म्हणजे ईडीचे, आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण त्या आरोपांतून दिसणारी कामाची पद्धत वाचली, तर डिजिटल मार्केटिंगच्या अभ्यासक्रमात सरळ धडा म्हणून लावावी. समाजमाध्यमांवर जाहिरात, जाहिरातीत व्हॉट्सअॅप नंबर, नंबरवर गोड बोलणारा माणूस, आणि फ्रँचायझीसारखी वाटलेली ‘पॅनल’, ज्यांचा नफा 70-30 असा विभागायचा. फेब्रुवारी 2023 मध्ये रास अल खैमाला झालेल्या लग्नात सुमारे 200 कोटी रुपये रोखीने उडवले गेले, असंही ईडीचं म्हणणं आहे. प्रसिद्धीसाठी नामवंत चेहरे आले, ऑक्टोबर 2023 मध्ये चित्रपटतारकांपर्यंत समन्स गेली आणि 5 नोव्हेंबरला केंद्र सरकारने हे ॲप आणखी एकवीस ॲप्स व संकेतस्थळांसकट बंद केलं. यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो तपशील बँक खात्यांचा. पैसे फिरवायला तपास यंत्रणांच्या मते भलत्याच लोकांच्या नावावरची खाती वापरली गेली. म्हणजे वरच्या मजल्यावर तारे आपला चेहरा भाड्याने देत होते आणि तळमजल्यावर साधी पोरं आपलं पासबुक. दर वेगळा, धंदा एकच. दोघांच्याही मते नाव ही वापरून परत मिळणारी वस्तू होती.

सरकारला हे उशिरा का होईना, कळलं. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने इन्फ्लुएन्सरांना सांगितलं की पैसे, भेटवस्तू, फुकटचा प्रवास, काहीही घेऊन शिफारस करत असाल तर ते ठळकपणे लिहा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला 10 लाखांपर्यंत दंड होतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. मात्र शिफारस करण्यापूर्वी दाव्याची नीट शहानिशा केली होती असं दाखवता आलं, तर सुटका. आता यात मौज बघा: एखादी गोष्ट सांगण्यापूर्वी ती खरी आहे का हे बघावं, एवढ्यासाठी या देशाला संसदेचा कायदा लागला. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर पैशाच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत तुरुंग दाखवला आहे.

भिलाईचा दुसरा मोठा उद्योग कोचिंगचा. इथे पोलादाइतकेच आयआयटीचे निकाल ओतले जातात, आणि आता तर इथे आयआयटीही आहे. निकालाच्या दिवशी मोबाइलचा पडदा आणि चौकातला फलक यांत फरक राहत नाही, सगळीकडे पासपोर्ट आकाराचे विजयी चेहरे. भिलाईतले फलक कोणी तपासले की नाही, ते असो. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने देशातल्या यूपीएससी क्लासेसच्या जाहिराती तपासल्या, तेव्हा असं दिसलं की झळकवलेल्या अनेक यशस्वी उमेदवारांनी त्या संस्थेचा फक्त मुलाखतीचा, बहुधा फुकटचा, कार्यक्रम केला होता. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा त्यांनी आपल्या हिमतीवर काढली होती. एकाच मुलाला अनेक संस्था आपला म्हणत होत्या. इतके पालक तर कर्णालाही नव्हते. म्हणून 13 नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की निवड झाल्यावर मुलाची लेखी संमती घ्या आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला ते फोटोसोबत लिहा. हा हीट नंबरच झाला. फोटो तेच राहतील, गुणवत्ता तीच राहील, फक्त छाती किती फुगवायची याचं माप बदलेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भिलाईच्या कारखान्याला रेल्वेसारखं हुकमी गिऱ्हाईक आहे, रूळ तपासायला राइट्स या सरकारी कंपनीचे निरीक्षक आहेत. त्याला जाहिरातीची गरजच काय? घरून डबे पुरवायला नुकतीच सुरुवात केलेल्या बाईला कोण ओळखतं? तिने नाव होईपर्यंत वीस वर्षं वाट बघायची का? बरोबर आहे. तिला इन्स्टाग्राम हवंच, व्हॉट्सअॅप स्टेटसही हवं. पण तिची पोस्ट एकदा वाचा: आज भरल्या वांग्याची भाजी, झुणका, तीन पोळ्या, अमुक रुपये, अकराच्या आत कळवा. यातला प्रत्येक शब्द दुपारी एक वाजता खरा किंवा खोटा ठरतो. मेंटॉरसाहेबांच्या ‘मी माणसांच्या आयुष्यात परिवर्तन घडवतो’ या वाक्याची पावती मात्र कुठल्याच दुपारी फाडता येत नाही. तेव्हा लहान माणसाची अडचण पुढे करून मोठ्या फुग्यांनी स्वतःचा बचाव करू नये.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: सगळेच फुगवतात, आपण एकट्यानेच खरं लिहिलं तर मागे पडू. चलन फुगलं की काय होतं ते कुठल्याही गृहिणीला विचारा. ज्या गल्लीत सगळेच फाउंडर, त्या गल्लीत फाउंडरला चहावाला तरी उधार देईल का? नोकरी देणाराही हळूहळू विशेषणं ओलांडून थेट विचारू लागतो की केलंत काय, दाखवा. ज्याच्याकडे दाखवायला काही आहे त्याचं तेव्हा फावतं. इतरांनी तोवर फुगवत राहायला माझी हरकत नाही, तेवढंच मनोरंजन.

या भागात प्रतिष्ठेचा एक जुना मराठी दाखला आहे. मराठी घरातल्या माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. जेमतेम तीन वर्षं, तोट्यात चाललं आणि बंद पडलं. आजच्या हिशेबाने रीच शून्य. पुढे ‘हिंद केसरी’ या हिंदी साप्ताहिकातल्या लेखनासाठी 1908 साली राजद्रोहाखाली अटक झाली आणि घरच्यांच्या दबावाखाली ते माफीनामा देऊन सुटले. राष्ट्रीय चळवळीतल्या संपादकाची यापेक्षा मोठी मानहानी कोणती? आज असं घडलं असतं तर तासाभरात काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ‘माझ्या विधानाचा विपर्यास झाला’ झळकलं असतं, आणि आठवड्याने ‘अपयशाने मला शिकवलेल्या सात गोष्टी’. सप्रे गप्प बसले. सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, दासबोध हिंदीत आणला, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं. 1924 साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, ते खुलाशांवर खचितच नाही. आणि ज्या दासबोधाचा त्यांनी अनुवाद केला, त्याच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची लक्षणं सांगताना स्वतःच स्वतःची स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, असे दोघेही एकाच ओवीत बसवले आहेत. लिंक्डइन निघण्याच्या साडेतीनशे वर्षं आधी.

आता कोणी म्हणेल, सप्र्यांना तेवढा वेळ होता. आमच्याकडे पुढच्या सोमवारी मुलाखत आहे. ठीक आहे. मग रविवारी बसून आपलं प्रोफाइल वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा की ही खोटी निघाली तर कोणाला, कुठे, कशावरून पकडता येईल. जिच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ती ओळ काढून टाका. स्मृति नगरात या उपक्रमानंतर निम्मे फाउंडर घटतील, आणि कदाचित वसाहतीला एखादा चांगला प्लंबर मिळेल. त्याची फार गरज आहे.