पुढचा भाग येणार नाही

शेतात ऊस उभा असताना कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, तर काय होतं, हे बारामती-इंदापूर भागात कुणाला शिकवावं लागत नाही. 2021-22 चा हंगाम आठवा. ऊस उदंड झाला, मे उजाडला तरी फडच्या फड उभे. साखर आयुक्तालयानं कारखान्यांना बजावलं, की कार्यक्षेत्रातला ऊस संपल्याशिवाय गाळप थांबवायचं नाही. सरकारनं 1 मेनंतर गाळलेल्या उसाला टनाला 200 रुपये घट उताऱ्याचं अनुदान दिलं, लांबच्या वाहतुकीला वेगळे पैसे दिले, आणि जूनपर्यंत गव्हाणी फिरत राहिल्या. नोंद घेतली की तोड द्यायची, हा इथला रिवाज आहे. तो मोडला तर लोक रस्त्यावर उतरतात.

गोष्ट सांगण्याच्या धंद्यात हा रिवाज कुणी आणलाच नाही. तिथं नोंद घेतात, पाणी पाजायला लावतात, आणि पीक ऐन भरात असताना निघून जातात.

इंदापूर तालुक्यात शेतीपंपाला रात्रीच्या लाईटची पाळी आली की माणूस मोटारीपाशी जाऊन बसतो. दारं मोडायचं, पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत बांधावर टेकायचं, मग पुढचं दारं. त्या मधल्या वेळात मोबाईलवर वेबसिरीज चालू असते. एका कानात इअरफोन. दुसरा कान मोकळा, कारण मोटारीचा आवाज थांबला तर कळलं पाहिजे. एक भाग तीन बैठकांत संपतो. रोजचा डेटा संपला तर उरलेला उद्या. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा असेल तर सिरीज तशीच पडून राहते, पुन्हा रात्रपाळी आली की तिथून पुढं. असा प्रेक्षक आठ भागांची सिरीज महिना-दीड महिना पुरवून बघतो, आणि त्यातलं एकेक पात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

सिरीज दाखवणाऱ्या कंपनीच्या हिशेबात हा प्रेक्षक जवळजवळ नापासच.

हा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण आपली गोष्ट त्यावरच कापली जाते. सिरीज आली की पहिल्या काही आठवड्यांत किती जणांनी सुरू केली आणि त्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत नेली, हे मोजतात. नेटफ्लिक्स आपल्या सर्वाधिक पाहिलेल्यांच्या यादीसाठी 2023 च्या जूनपर्यंत पहिले 28 दिवस धरायचं, आता 91 धरतं. त्या आकड्यासमोर खर्च मांडतात. खर्च दर सीझनला वाढतो, कारण नट, लेखक, तंत्रज्ञ सगळ्यांचे करार चढत जातात. नवा वर्गणीदार मात्र तिसऱ्या सीझनसाठी फारसा येत नाही, तो नव्या नावाला भुलून येतो. त्यामुळं जुनी गोष्ट पुरी करण्यापेक्षा नवी सुरू करणं कंपनीला परवडतं. नेटफ्लिक्सच्या टेड सरँडोस यांनी 2023 च्या जानेवारीत सांगितलं, की यशस्वी ठरलेली एकही सिरीज आम्ही कधी बंद केलेली नाही. यश म्हणजे काय हे ठरवणारेही तेच, मोजणारेही तेच, आणि मोजमापाची वही बहुतांशी त्यांच्याच कपाटात. त्या वाक्यात प्रेक्षकाला दिलेला शब्द कुठंच येत नाही.

त्याच महिन्यात ‘1899’ बंद झाली होती. बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीझे या जर्मन जोडीची ही सिरीज नोव्हेंबर 2022 मध्ये आली आणि जेमतेम दीड महिन्यात तिला नारळ मिळाला. याच दोघांनी आधी ‘डार्क’ केली होती. ती तीन सीझनची आखली होती, तीनच केली आणि जिथं संपवायची तिथं संपवली. जगभरात, आपल्याकडंसुद्धा, लोक ती अजून एकमेकांना सुचवतात. ‘1899’ चेही तीन सीझन आखलेले होते. लेखक तेच, आखणी तशीच, फक्त दीड महिन्याचा आकडा आड आला.

आपल्या अंगणातलं उदाहरण ‘सेक्रेड गेम्स’चं. मुंबईची गोष्ट, गायतोंडे नावाचा गुंड, नेटफ्लिक्सची भारतातली पहिली सिरीज. पहिला सीझन जुलै 2018 ला, दुसरा 15 ऑगस्ट 2019 ला. पंचवीस दिवसांत शहर वाचवायचं, असा फास पहिल्याच भागात टाकलेला. दुसऱ्या सीझनच्या शेवटी बॉम्ब समोर आहे, पोलीस अधिकारी सरताज सिंग तो निकामी करायला बसलाय, आणि पडदा काळा. तिसरा सीझन आलाच नाही. शहर वाचलं का, हे ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांनी विक्रम चंद्रांची मूळ कादंबरी वाचावी. सिरीज तिच्यापासून बरीच दूर गेली होती, पण छापील पुस्तकाला निदान शेवटचं पान आहे.

आता यातून प्रेक्षक काय शिकला? दोनदा पोळलेला माणूस तिसऱ्यांदा सिरीज लगेच सुरू करत नाही. ‘सगळे सीझन येऊ देत, मग बघू,’ म्हणतो. तो थांबला की पहिल्या महिन्याचा आकडा पडतो, आकडा पडला की सिरीज बंद, आणि ती बंद पडली की थांबणाऱ्यांची संख्या आणखी वाढते. गोष्टीवरचा विश्वास कंपन्यांनी स्वतःच्या हातानं संपवलाय, आणि त्याची शिक्षा नव्या लेखकाला भोगावी लागतेय. ज्यानं तीन वर्षं घासून पटकथा लिहिली, त्याचा यात काहीही दोष नाही.

उलट बाजूही तितकीच वाईट, तीही सांगितली पाहिजे. मराठी वाहिन्यांवर जी मालिका चालते ती संपतच नाही. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ला सुरू झाली ती अकरा वर्षांनी, तीन हजारांहून जास्त भागांनंतर थांबली. चालणाऱ्या गोष्टीत पाणी घालत राहायचं आणि न चालणारीचा गळा घोटायचा, या दोन्हींत गोष्ट कुठं संपायला हवी हे गोष्टीला कुणी विचारतच नाही. माझं भांडण या न विचारण्याशी आहे. तोट्यातली सिरीज जन्मभर चालवा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. संपवा, पण संपवा म्हणजे शेवट करा.

बारामतीत बसून हे लिहिताना मोरोपंतांचं नाव टाळता येत नाही. पन्हाळ्याचा हा कवी बारामतीत येऊन राहिला, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं इथं स्थिरावला आणि 1794 ला गेला तो इथंच. त्यांनी महाभारत आर्येत घेतलं ते अठराही पर्वांचं. आदिपर्वाला वाहवा झाली की नाही, भीष्मपर्वापर्यंत श्रोते किती टिकले, हे पाहून पुढची पर्वं लिहायचं ठरलं नाही. त्याआधी मुक्तेश्वरांनी महाभारत मराठीत आणलं होतं, आणि काय ताकदीचं! पण आज त्यातली मोजकीच पर्वं हाती आहेत, आणि उरलेल्यांची हळहळ मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण करतो. पैसा लावणाऱ्यानं गोष्टीला शेवटापर्यंत पोसायचं असतं, ही समज कऱ्हेकाठच्या एका सरदाराला अठराव्या शतकात होती. त्याचा वाडा अजून उभा आहे. ज्यांच्याकडं उपग्रहापासून सर्व्हरपर्यंत सगळं आहे, त्यांना ही समज जड का जावी?

आणि आज याच तालुक्यात, कांबळेश्वरात, काही मंडळी काय करताहेत ते बघा. ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही त्यांची यूट्यूबवरची वेबसिरीज. बाळासाहेब, रामभाऊ, सुभाषराव ही नावं इथं घराघरांत माहीत आहेत. चारचौघांत बोलतात ती भाषा, गावातल्याच भानगडी, आणि एका भागात घेतलेला विषय त्या भागात पुरा. पात्रं पुढच्या भागात येतात, पण मागच्या भागाचं देणं ठेवून येत नाहीत. कुणीही, कुठूनही, कधीही बघावं. रात्रीच्या पाळीवर मोटारीपाशी बसलेल्या माणसालाही हे सोयीचं पडतं. मोठ्या कंपन्यांच्या कथाविभागात बसणाऱ्यांनी कांबळेश्वराला येऊन दोन दिवस शूटिंग बघावं, हे मी मनापासून म्हणतो.

मोठी, सलग गोष्ट सांगणाऱ्यांनाही मार्ग आहे. सुहास शिरवळकरांच्या ‘समांतर’वरून केलेली सिरीज दोन सीझनमध्ये, 2020 आणि 2021 ला, पुरी झाली, कारण शेवट कुठं आहे हे पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. तेव्हा किती सीझन हे आधी जाहीर करा. पहिला सीझन करताना शेवटच्या भागाचे पैसे बाजूला काढून ठेवा, त्याला हात लावू नका. तेही जमत नसेल तर उरलेली पटकथा लेखकाला छापू द्या. तिच्यावरचा हक्क कंपनीच्या तिजोरीत कुजवण्यानं कुणाचं पोट भरत नाही. 2017 मध्ये ‘सेन्स8’ दोन सीझननंतर बंद केली, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी इतका आरडाओरडा केला, की पुढच्या जूनमध्ये नेटफ्लिक्सला दोन तासांहून मोठा समारोपाचा भाग करावा लागला. ओरडल्यावर का होईना, पैसे सापडले.

मराठीत असं ओरडायची संधी आपण एकदा घालवली, आणि ती मला फार लागते.

सोनी मराठीवर जानेवारी 2020 मध्ये ‘सावित्रीजोती’ सुरू झाली. अश्विनी कासार सावित्रीबाई, ओंकार गोवर्धन जोतिराव. मार्चमध्ये टाळेबंदी आली, शूटिंग तीन महिने ठप्प झालं, मग कसंबसं पुन्हा सुरू झालं. डिसेंबरात टीआरपीअभावी मालिका अर्ध्यावर बंद. सावित्रीबाईंच्या जयंतीला आठवडा-दहा दिवस उरले होते. प्रा. हरी नरके, ज्यांनी फुल्यांच्या साहित्यासाठी आयुष्य वेचलं, त्यांनी तेव्हा जाहीरपणे खंत मांडली. ते 2023 च्या ऑगस्टमध्ये गेले.

टीआरपी म्हणजे काय तर मीटर. तेव्हा देशात टीव्ही असलेली घरं 21 कोटींच्या आसपास आणि मीटर लावलेली सुमारे 44 हजार. म्हणजे एका घरातल्या रिमोटवर पावणेपाच हजार घरांचा कौल ठरायचा. तेवढ्यावर जाहिरातीचा दर ठरतो, आणि त्या दरावर जोतिराव-सावित्रीबाईंचं आयुष्य किती दिवस दाखवायचं ते.

हे आयुष्य आपल्यापासून लांबचं आहे का? सावित्रीबाईंचं नायगाव नीरेपलीकडं, खंडाळा तालुक्यात. 1875 च्या मे महिन्यात सावकारांच्या वह्या आणि खतं जाळत जो उठाव झाला, त्याची सुरुवात सुप्यातून झाली, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातून, आणि तो इंदापूरकडंही पसरला. ज्या शेतकऱ्याच्या हलाखीतून तो पेटला, त्याच्याच बाजूनं जोतिरावांनी आठ वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. 1890 मध्ये जोतिराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. 1897 च्या प्लेगात आजारी पोराला उचलून दवाखान्यात नेताना त्यांनाच लागण झाली आणि मार्चमध्ये त्या गेल्या. एवढं आयुष्य एका वर्षाच्या अर्ध्यामुर्ध्या भागांत बसवायला सांगणं हाच मुळात अन्याय आहे, मग तो टाळेबंदीच्या वर्षात असो की एरवी.

11 एप्रिल 2027 ला जोतिरावांच्या जन्माला दोनशे वर्षं होतील, 3 जानेवारी 2031 ला सावित्रीबाईंच्या. मध्ये पावणेचार वर्षं आहेत. वाहिनी करो, एखादं ओटीटी करो, नाहीतर कांबळेश्वरासारखं एखादं गाव वर्गणी काढून करो, पण ही गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत, 1897 च्या त्या मार्च महिन्यापर्यंत, एकदा सलग चित्रित झाली पाहिजे. शेवटच्या भागाचे पैसे आधी जमवा. बारामती-इंदापुरातून वर्गणी निघाली तर माझं नाव पहिल्या पावतीवर घाला.