मानद सचिवांस, एका डाव्या पायाबद्दल सविनय

प्रति,
मा. मानद सचिव,
(हे पत्र आपल्यालाच आहे असं ज्या गोल्फ क्लबाला वाटेल तो क्लब)

विषय : डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम असलेल्या नवशिक्याचा अर्ज.

महोदय,

सदर अर्जामुळे समितीची झोप उडाली असणार, याची पूर्ण कल्पना आहे. अर्जदार चाळिशीचा, नोकरदार. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो आणि गोल्फमध्ये तो मारेपर्यंत जागचा हलत नाही, एवढ्याच कारणासाठी त्याने हा खेळ निवडला आहे. शंभर वर्षांच्या परंपरेकडे कुणी असं सोयीचं बघावं, हे समितीला खटकणं साहजिक आहे.

चालण्याची चिंता तर सर्वात मोठी. अठरा होल म्हणजे आठ-नऊ किलोमीटरची पायपीट, आणि चालल्याशिवाय तो गोल्फ कसला? हाच मुद्दा घेऊन अमेरिकेतली पीजीए टूर ही मातब्बर संस्था थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. समोर होता केसी मार्टिन. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात टायगर वूड्सबरोबर खेळलेला, उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार असलेला. त्याचं मागणं एवढंच, की दोन फटक्यांमधलं अंतर गोल्फ कार्टमधून जाऊ द्या. अर्नोल्ड पामर आणि जॅक निकलॉस या दिग्गजांनी टूरच्या बाजूने साक्ष दिली. शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्राध्यापकाने मात्र हिशोब मांडला, की पूर्ण फेरी चालायला साधारण पाचशे कॅलरी लागतात, आणि त्याही पाच तासांत. एका बिग मॅक बर्गरमध्ये याहून जास्त असतात. शिवाय टूरच्याच पात्रता फेरीच्या पहिल्या दोन टप्प्यांत आणि ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धांत कार्ट चालत होती, हेही बाहेर आलं. 2001 मध्ये 7 विरुद्ध 2 अशा मताने मार्टिन जिंकला. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी, गोल्फ म्हणजे नेमकं काय हे ठरवायची पवित्र जबाबदारी आता न्यायालयावर आली आहे, अशी खिल्ली उडवली. खिल्ली झकास होती, फक्त मतं दोनच पडली.

निकालानंतर गोल्फ बुडाला नाही. मार्टिन पुढे ओरेगन विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. 2021 मध्ये त्याचा तो पाय कापावा लागला, त्यामुळे तोही आता आपल्या अर्जदाराच्या जमातीत आला आहे. त्याचा अर्ज आला तर समितीने काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

खेळाडूच्या पिशवीत चौदाहून जास्त काठ्या चालत नाहीत, मग कार्बन फायबरचा हा पाय पंधरावी काठी धरायची का, असाही प्रश्न बैठकीत निघू शकतो. तर 1 जानेवारी 2023 पासून दिव्यांग खेळाडूंसाठीचे बदल मूळ नियमावलीतच आले आहेत. पंचविसावा नियम बघावा. अंगावर चढवलेला कृत्रिम पाय त्यानुसार खेळाडूचाच भाग धरला जातो. चेंडू उसळून त्या पायाला लागला तर तो खेळाडूलाच लागला. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला नातेवाइकांना वर्षानुवर्षं लागतात, ते नियमावलीने एका कलमात दिलं आहे.

ड्रेसकोडचं म्हणाल तर कॉलरचा टी-शर्ट अर्जदाराला मान्य. अर्ध्या पँटवर मोजे हवेतच, असा क्लबचा नियम असेल तर तोही मान्य. उलट इतर सभासदांपेक्षा त्याचे मोजे जास्तच भरतील. दिवसभरात उरलेल्या पायाची सूज उतरते, तो किंचित बारीक होतो आणि तो ज्यात बसतो ते कृत्रिम पायाचं सॉकेट सैल पडतं. मग सॉकेटच्या आत एकावर एक मोजे चढवावे लागतात. सकाळी एक असेल तर बाराव्या होलपर्यंत तीन. हे सारं करायला त्याला बाकड्यावर बसून पाय काढावा लागतो. मागचे चौघे तेवढा वेळ घड्याळाकडे बघतील. झुडपात हरवलेला चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, आणि तेव्हा मात्र ते स्वतः घड्याळ विसरतात.

बुटांचीही गोष्ट आहे. कृत्रिम पाय एका ठरावीक टाचेच्या उंचीला जुळवून बसवलेला असतो. गोल्फचे बूट रोजच्या बुटांपेक्षा सेंटिमीटरभर उंच टाचेचे निघाले तर माणूस पुढे झुकतो, सपाट असले तर मागे रेलतो. म्हणून अर्जदार दुकानात ब्रँड विचारत नाही, मोजपट्टी काढतो.

खरी अडचण ड्रायव्हिंग रेंजवर आहे, आणि ती समितीच्या यादीत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्विंग संपतो तेव्हा सगळं वजन डाव्या पायावर आलेलं असतं आणि कंबर लक्ष्याकडे वळलेली असते. हाडामांसाचा पाय अशा वेळी घोट्यात वळतो, तळव्याच्या बाहेरच्या कडेवर कलतो. कृत्रिम पाऊल गवतात रोवल्यासारखं तिथंच राहतं. मग वरून आलेला पीळ जातो कुठं? सॉकेटमध्ये, थेट कातडीवर. बादलीभर चेंडू मारून झाले की गुडघ्याखाली लाल चट्टा उमटतो. त्यावर उपाय आहेत. डावा चवडा आधीच लक्ष्याकडे वळवून उभं राहायचं. स्विंग आखूड ठेवायचा. पैसे असतील तर कृत्रिम पायाच्या नळीत पीळ झेलणारा जोड बसवून घ्यायचा. हे सांगणारा प्रशिक्षक आपल्याकडे असेल तर समितीने पुढचे आक्षेप खुशाल काढावेत.

वाळूचा बंकर निराळाच. पाऊल किती रुतलं हे तळव्याला कळत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं, आणि डोळे तर चेंडूवर हवेत.

तरीही लोक शिकतात, हा या प्रकरणातला सर्वात गैरसोयीचा भाग. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडरचे दोन्ही पाय 1931 च्या विमान अपघातात गेले. गोल्फ शिकायला लागला तेव्हा फटका मारला की तो जमिनीवर, अशी गत होती. पुढे मात्र तो दोन धड पायांच्या भल्याभल्यांना हरवू लागला. अमेरिकन सैनिक चॅड फायफरचा डावा पाय 2007 मध्ये इराकमध्ये गुडघ्याच्या वरून गेला. गोल्फची गोडी त्याला लागली ती त्यानंतर, उपचार चालू असताना. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला मान्युएल दे लोस सांतोस तर कृत्रिम पाय लावतच नाही. कुबड्या बाजूला टाकतो, उजव्या पायावर उभा राहतो आणि मारतो. त्याचं हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणारे जादा फटके, तीनपर्यंत आलं होतं. समितीतल्या सर्वांचं किती आहे, हे विचारणं शिष्टाचाराला धरून होणार नाही.

आपल्याकडे हे जमायचं नाही, असंही कुणी म्हणेल. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, आणि छावण्यांमध्ये गोल्फची मैदानं काही कमी नाहीत. जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास घडवलेला जयपूर फूट हा उकिडवं बसण्यासाठी, अनवाणी चालण्यासाठी, शेताच्या उंचसखल जमिनीसाठी केलेला. म्हणून त्याचं पाऊल घोट्याजवळ सगळीकडे थोडं थोडं वळतं. बांधावर तोल सांभाळायला केलेली ही सोय फेअरवेच्या उतारावर बंद पडेल, असं मानायला काही कारण दिसत नाही. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो अर्थातच गोल्फसाठी नव्हता.

तेव्हा अर्जदाराच्या मागण्या एकदा वाचून घ्याव्यात. लॉकर रूममध्ये पाठ टेकता येईल असं बाकडं. शॉवरमध्ये एक स्टूल आणि धरायला दांडी. पावसाळ्यात कार्ट बंद केल्या तरी त्याच्यासाठी एक चालू. सोबत कॅडी असा, जो बंकरच्या काठावर हात देईल पण सहानुभूतीने चेंडू पुढे सरकवणार नाही. नवशिक्याला हँडिकॅप 54 पर्यंत, म्हणजे होलमागे तीन जादा फटके मिळतात. तेवढे त्याला पुरतील, न पुरल्यास दोष स्विंगचा धरावा.

अर्ज फेटाळायचाच असेल तर कारण लेखी द्यावं. तोंडी कारणं त्याला पाठ आहेत.

कळावे,
आपला,
एक हितचिंतक

ता. क. : मंजुरी मिळाल्यास टी-टाइम सकाळी साडेसहाची द्यावी. ऊन चढलं की सॉकेटच्या आतल्या लायनरमध्ये घाम साचतो आणि पाय सटकू लागतो. ती वेळ ज्येष्ठ सभासदांसाठी राखीव आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्यांच्यातही दोघांचे गुडघे टायटेनियमचे आहेत, हेही त्याला कॅडींकडून कळलं आहे.